एकट्याने व्हिडिओ गेम बनवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसईकडून मेलवर आणि व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी. विचारणारे बहुतेक जण नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, घरातल्या एका टेबलावर गेम करणारे आहेत. उत्तरं त्यांच्या हिशेबाने लिहिली आहेत. दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला कोडिंग येतं. मग एकट्याने गेम करायला आणखी काय लागतं?

गेमचा कोड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिरोचं धावणं, उडी, शत्रूची चाल. हा सगळ्यात मजेचा भाग, आणि सगळ्यात छोटासुद्धा. उरलेला कोड कोणी स्क्रीनशॉटमध्ये दाखवत नाही: मेनू, सेटिंग, सेव्ह, कॅमेरा, लेव्हल लोड करणं, कंट्रोलर, आवाजाची पातळी, भाषा, शिवाय स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली बारीकसारीक टूल्स. कोडच्या बाहेर चित्रं, ॲनिमेशन, संगीत, संवाद, लेव्हलची आखणी, टेस्टिंग, ट्रेलर, स्टोअरचं पान, लोकांच्या मेलना उत्तरं आणि शेवटी हिशेब.

स्टुडिओत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. एकट्याचा जीव कामाच्या ढिगाऱ्यापेक्षा टोपी बदलण्यात जास्त जातो. सकाळी शत्रूच्या चालीतला बग, दुपारी त्याच शत्रूचं चित्र, रात्री त्याची डरकाळी. प्रत्येक वेळी डोकं नव्या कामात बसायला अर्धा तास जातो, आणि तुमच्याकडे रात्रीचे दीडच तास असतील तर तो अर्धा तास फार महाग आहे. म्हणून एका आठवड्यात एकाच जातीचं काम घ्यावं. चित्रांचा आठवडा म्हणजे चित्रंच. बग दिसला तर वहीत लिहायचा आणि पुढे जायचं.

२. एक गेम पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?

दोन टोकं सांगते. ‘फ्लॅपी बर्ड’ व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने काही दिवसांत केला. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने एकट्याने केला. कोड, चित्रं, संगीत, संवाद सगळं स्वतःच, आणि २०१६च्या फेब्रुवारीत तो बाहेर यायला सुमारे साडेचार वर्षं लागली. तुमचा गेम या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि नवख्या माणसाला वाटतं त्यापेक्षा तो नेहमी दुसऱ्या टोकाकडे असतो.

‘किती महिने’ विचारण्याआधी ‘आठवड्याला किती तास’ हे मोजा. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाचे येण्याजाण्यात तीन तास सहज जातात. नोकरीचे नऊ तास, घरची कामं, जेवण धरलं तर रोज एखादा तास उरतो, तोही डोकं शिणलेलं असताना. शनिवार-रविवार जमेस धरून आठवड्याला नऊ तास म्हणू. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ४५० तास. पूर्णवेळ काम करणारा माणूस आठवड्याला चाळीस तास देतो. म्हणजे तुमचं अख्खं वर्ष त्याच्या जेमतेम अकरा आठवड्यांएवढं. हा आकडा एकदा कागदावर लिहा आणि मग ठरवा, अकरा आठवड्यांत कोणी ओपन वर्ल्ड (हवं तिथे फिरता येईल असं अख्खं जग असलेला गेम) करतं का.

माझं मत सरळ आहे: गेमचा आकार कल्पनेवरून ठरवू नये, तासांवरून ठरवावा. कल्पना नंतर त्या मापात बसवता येते. उलट कधीच जमत नाही.

३. लोकलमध्ये बसून काम होतं का?

बसायला मिळालं तर. कोड लिहायला प्रवास वाईट, पण संवाद लिहिणं, बगची यादी नीट लावणं, कागदावर लेव्हल आखणं, फोनवर स्वतःचाच गेम खेळून पाहणं, हे होतं. आठ-बावन्नच्या फास्टमध्ये उभ्याने काहीही होत नाही. त्या वेळेत डोळे मिटून प्रश्नाचा विचार करावा. पुष्कळ बग असेच सुटतात.

४. कुठलं इंजिन घेऊ? युनिटी, गोडो, अनरियल की गेममेकर?

इंजिन म्हणजे चित्र, आवाज, हालचाल सांभाळणारं, गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर. एकट्याने टूडी करत असाल तर गोडो किंवा गेममेकर. थ्रीडी किंवा मोबाइलचा अनुभव असेल, किंवा पुढे यातच नोकरी हवी असेल तर युनिटी. अनरियल ताकदवान आहे, पण जुन्या लॅपटॉपवर तो उघडेपर्यंत चहा होतो.

पैशांच्या अटी वाचूनच निवड करा. गोडो एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, कोणाला काही द्यावं लागत नाही. गेममेकर विक्रीसाठी नसलेल्या कामाला फुकट आहे. अनरियल एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की त्यावरच्या रकमेवर ५ टक्के घेतं. ही चिंता आपल्यापैकी फार जणांना पडायची नाही. युनिटीने सप्टेंबर २०२३मध्ये दर इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली, जगभर बोंब झाली, आणि वर्षभराने ती फी मागे घेतली. फी गेली, पण इंजिनवाल्याच्या अटी मधेच बदलू शकतात हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आणि एकदा निवडलं की गेम संपेपर्यंत बदलू नका. इंजिन बदलणं हे काम करत असल्याचं समाधान देणारं सगळ्यात मोठं टाळाटाळीचं काम आहे.

५. स्वतःचं इंजिन लिहिलं तर?

इंजिन लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, त्यातून भरपूर शिकाल. गेम पूर्ण करायची हौस असेल तर नको. मधला रस्ताही आहे: २०२४मध्ये गाजलेला ‘बालाट्रो’ लव्ह नावाच्या, ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या फ्रेमवर्कवर केलेला आहे. चित्र दाखवणं, आवाज वाजवणं, बटण ओळखणं एवढं ते फ्रेमवर्क करतं, बाकी सगळं तुमचं.

६. गेम ८० टक्के झालाय असं सहा महिने म्हणतोय. उरलेलं संपतच का नाही?

कारण जे ८० टक्के वाटतंय ते फक्त तुमच्या मशीनवर, तुमच्या हातात, एका दमात खेळल्यावर चालणारं आहे. स्वयंपाक करणं निराळं आणि पन्नास पानांची पंगत उठवणं निराळं, तसं आहे हे. उरलेल्या कामाची चव घ्यायची असेल तर आत्ता गेम सुरू करा आणि पॉज दाबा. गेममधला पाऊस थांबला का? संगीत? फुटायला आलेल्या बॉम्बचा टायमर आतल्या आत मोजतच नाही ना? आता पॉजमध्ये असतानाच दुसऱ्या विंडोत जा आणि परत या. कंट्रोलरची वायर ओढा. खिडकीचा आकार बदला. आवाज शून्यावर न्या, गेम बंद करून उघडा. आवाज शून्यच आहे का? हिरो मरत असतानाच दरवाजातून बाहेर पडला तर तो पुढच्या लेव्हलमध्ये मेलेला पोचतो का? (हा शेवटचा बग जवळजवळ प्रत्येक गेममध्ये एकदा तरी निघतो. तुमच्यातही आहे, शोधा.)

यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येकीला एक संध्याकाळ लागते, आणि अशा शंभरेक गोष्टी असतात. म्हणून पॉज, सेव्ह, सेटिंग आणि मेनू पहिल्याच महिन्यात, गेम कुरूप असतानाच करून टाका. शेवटी केलं तर प्रत्येक जुन्या फाइलमध्ये हात घालावा लागतो.

७. एक छोटंसं फीचर टाकायला तीन आठवडे लागले. मी स्लो आहे का?

नाही. फीचर छोटं नव्हतं. पावसात डबे पोचवणाऱ्या मुलाचा गेम करणाऱ्या एकाने विचारलं होतं, ‘फक्त छत्री टाकायची होती.’ ती ‘फक्त छत्री’ जवळून पाहू.

हिरोला आधी सहा क्रिया होत्या: चालणं, धावणं, उडी, शिडी चढणं, डबा उचलणं, डबा देणं. सहा क्रियांच्या जोड्या होतात १५. छत्री सातवी, आता जोड्या २१. म्हणजे सहा नवे प्रश्न आले आणि प्रत्येकाला उत्तर हवं. छत्री उघडी असताना शिडी चढता येईल का? येणार नसेल तर ती आपोआप मिटेल की चढणंच नाकारायचं? एका हातात छत्री, मग डबा दोन हातांनी कसा उचलणार? उडी मारताना छत्रीने तरंगायचं का? तरंगायचं असेल तर सगळ्या लेव्हल्स पुन्हा तपासा, कारण जिथे पोचायचं नव्हतं तिथे आता पोचता येतं.

त्यानंतर प्रत्येक क्रियेचं छत्रीसकट नवं ॲनिमेशन. उघडण्या-मिटण्याचा आवाज. छत्रीवर पडणाऱ्या पावसाचा वेगळा आवाज. कंट्रोलरवर मोकळं बटण. छत्री उघडी असतानाच सेव्ह झालं तर लोड झाल्यावर ती कशी दिसेल. आणि हे सगळं खेळणाऱ्याला शिकवायचं कुठे आणि कसं.

एवढं बघता तीन आठवडे कमीच म्हणायचे. पुढच्या वेळी फीचर सुचलं की कोड उघडण्याआधी अशी जोड्यांची यादी करा. निम्मी फीचर्स यादी करतानाच गळतात, आणि जी गळत नाहीत ती बहुतेक गेमचा प्राण असतात. क्रिया सांभाळायला स्टेट मशीन वापरा, म्हणजे हिरो एका वेळी ठरलेल्या एकाच अवस्थेत असेल अशी रचना. ‘धावतोय का’, ‘उडतोय का’, ‘छत्री आहे का’ असे सुटे झेंडे (हो-नाही ठेवणारे व्हेरिएबल) पाचाच्या वर गेले की कोण कधी खरं आहे हे तुम्हालाच कळेनासं होतं.

८. माझ्या गेममधली उडी ‘बरोबर’ वाटत नाही. कोड तर ठीक आहे.

कोड ठीक असतो, माणसाचा अंगठा ठीक नसतो. खेळणारा कड्याच्या टोकापर्यंत पळतो आणि बटण किंचित उशिरा दाबतो. कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ उडी मान्य करा. त्याचप्रमाणे जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवा आणि टेकल्याबरोबर उडी द्या. या दोन सवलती बहुतेक चांगल्या प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायच्या) गेममध्ये असतात, आणि खेळणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट फ्रेमची, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. दर फ्रेमला हिरो पाच पिक्सेल सरकवला तर तुमच्या मशीनवर सगळं छान दिसेल, आणि १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या) मॉनिटरवर हिरो जवळजवळ अडीच पटीने सुसाट धावेल. हालचाल नेहमी गेलेल्या वेळेने गुणा, किंवा फिजिक्ससाठी इंजिनने दिलेलं ठरावीक अंतराचं अपडेट वापरा.

९. सेव्ह फाइल कशी करावी? अपडेट दिलं की जुने सेव्ह उघडत नाहीत.

फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहा. हे पहिल्या दिवशी करा, गेममध्ये सेव्ह करण्यासारखं काही नसलं तरी. पुढे रचना बदलली की ‘आवृत्ती १ची फाइल आली तर २ची कर’ असं छोटं फंक्शन लिहायचं आणि जुनी फंक्शन्स पुसायची नाहीत.

आणि जुन्या फाइलवर थेट लिहू नका. नवी तात्पुरती फाइल पूर्ण लिहा, मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी आणा. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीकडे लाइट नेमकी कधी जाईल याचा नेम नाही. अर्धवट लिहिलेली फाइल म्हणजे खेळणाऱ्याचे वीस तास गेले, आणि तो रिव्ह्यूमध्ये तेच लिहिणार.

१०. गेम मराठीत करायचा आहे. अक्षरं फुटतात, काय करू?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याची तयार उत्तरं कुठे मिळत नाहीत.

देवनागरीत अक्षरं साठवली जातात एका क्रमाने आणि दिसतात दुसऱ्या. ‘किल्ला’ साठवताना आधी क, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी कच्या आधी यायला हवी. हे काम ‘शेपिंग’ करणारी लायब्ररी करते, उदाहरणार्थ हार्फबझ. ती नसेल तर वेलांटी कच्या मागे राहून लला चिकटते, आणि ल्लच्या जागी पाय मोडलेला ल आणि शेजारी ला दिसतो. गोडो ४मध्ये हे शेपिंग आधीपासून आहे. युनिटीचं मजकूर दाखवायचं नेहमीचं साधन, टेक्स्टमेशप्रो, ते आपणहून करत नाही; तिथे प्लगइन शोधा किंवा ठरावीक मजकूर चित्र म्हणून आणा. इंजिन ठरवण्याआधी (प्रश्न ४) ही एक चाचणी कराच: ‘दुसऱ्या किल्ल्यावरचं गिऱ्हाईक, र्‍हस्व, क्षत्रिय, अर्कशाळा’ एवढं स्क्रीनवर उमटवून बघा. सगळं नीट दिसलं तर पुढे जा.

शेपिंग जमलं तरी संवाद एकेक अक्षराने उमटवताना गोंधळ होतो. ‘क्ष’ उमटताना आधी क, मग क्, मग क्ष असं झरझर बदलत दिसतं. मजकूर युनिकोडच्या तुकड्यांनी न तोडता दिसणाऱ्या अक्षरांनी तोडायचा.

तिसरी अडचण व्याकरणाची. ‘संख्या + नाणी मिळाली’ असं जोडलं की एका नाण्याला ‘१ नाणी मिळाली’ येतं. आपल्याकडे ‘१ नाणं मिळालं’, ‘५ नाणी मिळाली’, आणि तलवार असेल तर ‘मिळाली’, डबा असेल तर ‘मिळाला’. वाक्यं तुकड्यांनी जोडू नका. प्रत्येक वस्तूची पूर्ण वाक्यं भाषेच्या फाइलमध्ये ठेवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

फाँटसाठी बाहेर बघायची गरज नाही. मुंबईतल्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू मुक्त परवान्याखाली मिळतात आणि गेममध्ये घालता येतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात.

११. चित्रं विकत घेतली किंवा मित्राने संगीत दिलं तर ‘एकट्याने केला’ म्हणता येईल का?

म्हणा की. ‘अंडरटेल’ टोबी फॉक्सचा म्हणून ओळखला जातो, त्याच्या चित्रांमध्ये टेमी चँगचा हात होता. ‘ब्रेड’ जोनाथन ब्लोचा, चित्रं डेव्हिड हेलमनची. खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही. नाव आणि मोबदला मात्र द्या. मित्र असला तरी दोन ओळींचा लेखी करार करा: काय दिलं, किती पैसे, गेम विकायचा हक्क कोणाकडे. फुकट मिळालेल्या चित्रांचा परवानाही वाचा. ‘विक्रीसाठी वापरू नये’ ही ओळ बहुतेकदा तळाशी असते.

आवाज घरीच रेकॉर्ड करणार असाल तर मुंबईत तो रात्री दोन ते चारमध्येच होतो. त्याआधी कुकर, लिफ्ट आणि भंगारवाला असतो, नंतर दूधवाला. कपड्यांच्या कपाटात माइक ठेवला तर निम्मा प्रतिध्वनी जातो.

१२. आता एआय कोड लिहून देतो. मग काम कमी झालं ना?

टाइप करायचं काम कमी झालं. प्रश्न ६ आणि ७मधलं काम तसंच आहे, कारण छत्री घेऊन शिडी चढायची का हे ठरवणं तुमचंच. सुटं फंक्शन, शेडर (रंग-प्रकाश ठरवणारा छोटा कोड), भाषेच्या फाइलसाठी छोटी स्क्रिप्ट यांना मदत छान होते. अख्खा गेम न वाचलेल्या कोडवर उभा केला तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या घरात पाहुणे होता. स्टीम या पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात एआयने केलेली चित्रं, आवाज किंवा मजकूर गेममध्ये असेल तर ते जाहीर करावं लागतं. खेळणारे ती नोंद वाचतात.

१३. लॅपटॉप कसला लागेल? आणि बॅकअप?

टूडीसाठी आहे तो चालेल. असलेल्या मशीनला आधी एसएसडी आणि रॅम घाला. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानं फिरून भाव विचारा, पहिल्या दुकानात घेऊ नका. हळू मशीनचा एक फायदा असतो: त्यावर गेम नीट चालला तर इतरांकडेही चालतो.

बॅकअपसाठी गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) शिका, दोन संध्याकाळचं काम आहे. रोज रात्री झोपण्याआधी कमिट (बदल नोंदवणं) आणि पुश (तो गिटहबसारख्या साइटवर चढवणं). गिटहबवर १०० एमबीच्या वरची फाइल साध्या पद्धतीने चढत नाही, तिला एलएफएस ही मोठ्या फाइलींची वेगळी सोय लागते. म्हणून कच्चं संगीत आणि मोठी चित्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.

१४. मल्टिप्लेअर टाकू का?

पहिल्या गेममध्ये नको. प्रश्न ७मधल्या जोड्या आता दोन मशीनवर, उशिरा पोचणाऱ्या नेटवरून जुळवाव्या लागतात, आणि वर सर्व्हरचं मासिक भाडं. एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायचं असेल तर चालेल.

१५. ताई, एकट्याने टेस्टिंग कसं करायचं? घरच्यांना दिलं तर सगळे ‘छान आहे’ म्हणतात.

घरच्यांचं मत विचारू नका, हात बघा. फोन किंवा कंट्रोलर हातात द्या, मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे फार जड जातं, ‘अगं आई, डावीकडे जा ना’ ओठांवर येतं. ती कुठे थांबली, काय दाबून पाहिलं, कुठे कंटाळून फोन खाली ठेवला, एवढं लिहून घ्या. जिथे तीन वेगवेगळे जण अडकले ती जागा बदला. एकच जण अडकला तर थांबा.

मोबाइल गेमला हे सक्तीचंच आहे. नोव्हेंबर २०२३च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल प्ले खात्यांना गेम सर्वांसाठी सोडण्याआधी बंद गटात टेस्टिंग दाखवावं लागतं: किमान १२ जण, सलग १४ दिवस. आधी ही संख्या २० होती. बारा जण जमवायला आणि चौदा दिवस टिकवायला वाटतो तेवढा वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

१६. स्टीमवर गेम टाकायला काय लागतं?

एका गेममागे १०० डॉलर फी. गेमची समायोजित कमाई (परतावे, कर वगळून उरलेली) १,००० डॉलर झाली की ती परत मिळते. फी भरल्यापासून गेम सोडेपर्यंत किमान ३० दिवस जावे लागतात, आणि ‘लवकरच येत आहे’ पान किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं. पान आणि गेम दोन्ही तपासले जातात, त्याला काही दिवस लागतात. विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत गेम परत करता येतो, म्हणून दीड तासात संपणारा गेम करणाऱ्यांनी किंमत ठरवताना याचा विचार करावा.

कामाचा भाग हा: वेगवेगळ्या मापांची मुखचित्रं, ट्रेलर, स्क्रीनशॉट, वर्णन. याला सहज महिना जातो, अर्थात आपल्या ४५० तासांच्या वर्षातला. हे सगळं नको असेल तर पहिला छोटा गेम इच.आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर टाका. फी नाही, आणि त्यांचा वाटा किती हे तुम्ही ठरवता.

१७. परदेशातून पैसे आले तर टॅक्सचं काय?

स्टीमवर डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी फॉर्म भरावा लागतो, त्यात पॅन द्या. भारत-अमेरिका कराराप्रमाणे अमेरिकेतल्या विक्रीच्या वाट्यावर १५ टक्के कापले जातात. फॉर्म नीट भरला नाही तर ३० टक्के. कापलेल्या कराची वजावट भारतात विवरणपत्र भरताना मागता येते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख रुपये. पैसे यायला लागले की एकदा सीएकडे बसा, आणि प्रत्येक महिन्याचा अहवाल पहिल्यापासून जपून ठेवा.

१८. ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली ना? माझा गेम बेकायदा ठरेल का?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेम्सना बंदी घालतो. तुम्ही गेमची किंमत घेताय, पैज लावून घेत नाही. हा वेगळा प्रकार आहे आणि कायदाही तो वेगळा धरतो. गेममध्ये रोख बक्षीस द्यायचा विचार असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळ कोड लिहू नका.

१९. आयटी कंपनीत नोकरी आहे. रात्री केलेला गेम कंपनीचा होतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ म्हणतं की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी. रात्री घरी, स्वतःच्या मशीनवर केलेला गेम साधारण यात येत नाही. गाठ असते ती नेमणूकपत्रात. काही पत्रांत ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम’ अशी रुंद ओळ असते, काहींत जोडधंद्याला लेखी परवानगी लागते. पत्र काढा, वाचा, आणि गरज असेल तर एचआरकडून ई-मेलवर परवानगी घ्या. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ई-मेल, कंपनीचं सॉफ्टवेअर लायसन्स, यातलं काहीही गेमसाठी वापरू नका. घरून काम करता आणि एकाच टेबलावर दोन लॅपटॉप आहेत, त्यांनी तर जास्तच जपायचं.

नोकरी सोडावी का, हेही याच लोकांचं पुढचं वाक्य असतं. एक छोटा गेम पूर्ण करून विकल्याशिवाय नको. पैशासाठी म्हणत नाही; पूर्ण करणं झेपतं का, हे त्याशिवाय कळत नाही.

२०. दोन वर्षं झाली. गेम सोडून देऊ का?

आधी प्रश्न ७ची यादी काढा आणि निम्म्या क्रिया मनातल्या मनात खोडा. उरलेला गेम तुम्हाला स्वतःला खेळावासा वाटतो का? वाटत असेल तर तोच गेम आहे, बाकीचं खोडा. वाटत नसेल तर कोड, चित्रं नीट बांधून ठेवा आणि ल्युडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये उतरा. तिथल्या एकट्याच्या स्पर्धेत ४८ तासांत गेम संपवायचा असतो. शनिवार-रविवारी काहीतरी संपवल्यावर जुन्या गेमबद्दलचं मत बहुतेकदा आपोआप ठरतं, इकडे किंवा तिकडे.

२१. रिलीजची तारीख कशी ठरवावी? आणि रिलीजनंतर काम संपतं ना?

रिलीजनंतरचे दोन आठवडे सगळ्यात धावपळीचे. तुमच्याकडे नसलेल्या ग्राफिक्स कार्डांवर गेम पडतो, कोणीतरी भलत्याच क्रमाने दरवाजे उघडतो, सेव्हच्या तक्रारी येतात (प्रश्न ९). त्यामुळे तारीख अशी धरा की पुढचे दहा-बारा दिवस ऑफिसातून सुट्टी मिळेल. गणपतीत, दिवाळीत किंवा घरच्या लग्नाच्या आठवड्यात नको; मंडपाशेजारच्या घरात ढोल-ताशाच्या आवाजात क्रॅश लॉग वाचता येत नाही. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये (येणाऱ्या गेम्सच्या डेमोंचा उत्सव) एका गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे ती संधी डेमो पक्का झाल्यावरच वापरा.

पहिलं पॅच दोन-तीन दिवसांत द्या आणि त्यात फक्त क्रॅश आणि सेव्हचे बग घ्या. लोकांनी सुचवलेली फीचर्स वेगळ्या यादीत. त्या यादीला पहिला महिना हात लावू नका, छत्री मागितली तरी.